टोपीच्या आरशातला कवडसा

माझं दुकान समुद्रासमोर आहे. टोप्या, छत्र्या, वाळूत खेळायच्या बादल्या, रबरी चपला, आणि गिऱ्हाईक हटूनच बसलं तर आतल्या फळीवरचं आणखी काहीबाही. दुपार कलली की समुद्रावरचा उजेड दारातून आत येतो, टोपी घालून बघायला टांगलेल्या गोल आरशावर पडतो आणि त्याचा कवडसा फरशीवर उतरतो. वाऱ्यानं आरसा हलला की कवडसाही हलतो. कधी चपलांवर, कधी बादल्यांत, कधी माझ्या पायांवर. माझी जीभ तिखट आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, पण त्या वेळेला मी कुणाला वाकडा शब्द बोलत नाही. बोलावंसंच वाटत नाही. अर्धी जागी, अर्धी झोपेत अशी मी गल्ल्यामागे बसलेली असते.

या सुट्टीत माझा धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन पोरं माझ्याकडे राहायला आली होती. थोरली आठ वर्षांची. तोंडाला खंड म्हणून नाही, त्यामुळे आम्ही तिला साळुंकी म्हणतो. धाकटा गब्दुल दीड वर्षाचा, आणि तो अजून चालत नव्हता. रांगायचा, काहीतरी धरून उभा राहायचा, आणि मग झालं आपलं काम, अशा चेहऱ्यानं बुडावर बसायचा. डॉक्टर म्हणाले होते, मुलात काही दोष नाही, चालायचा तेव्हा चालेल. पण आईचं मन असं सांगून थोडंच गप्प बसतं! भावजय हसायची, बोलायची, आणि मधूनच त्याच्या पावलांकडे बघत राहायची. मला ते दिसायचं, पण त्यावर मी काही बोलले नाही.

नाहीतर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. भावजय पोरांवर ब्लॉग लिहिते. कुठकुठले आईबाप तो वाचतात म्हणे. घरात कुणी शिंकलं तर ते आधी लोकांना कळतं, मग हे रुमाल शोधतात. त्यांच्या घरात एक रीतच पडून गेली होती. काही नवं घडायला लागलं की आधी 'थांब' म्हणायचं, मग मोबाइल निघायचा, मग उजेड कुठून येतोय ते बघायचं, आणि मग ते घडू द्यायचं. साळुंकी यात तरबेज झाली होती. खाऊचा पुडासुद्धा ती आईकडे बघितल्याशिवाय फोडायची नाही.

आल्या दिवशी सगळे बाजारात गेले, कारण भावजयीला 'समुद्रकाठची खरेदी' असं काहीतरी लिहायचं होतं. शेवट माझ्या दुकानात झाला. पोरीनं निळ्या फितीची टोपी निवडली. मग आईच्या मोबाइलसाठी तीच पुन्हा निवडली. मग आणखी एकदा, या खेपेला नवल वाटल्यासारखे डोळे मोठे करून. मी म्हटलं, अगं बाई, विटेल ना ती टोपी. भावजय खळखळून हसली. तिला माझ्या बोलण्याचा राग येत नाही, आणि मला खरा राग येतो तो त्याचाच.

गब्दुलसाठी मात्र तिनं बाजार पालथा घातला होता. पाच-सहा दुकानं फिरून लाल बूट आणले, मऊ तळाचे, माझ्या तळहातावर दोन्ही मावतील एवढे. पहिली पावलं त्या बुटांत, ओल्या वाळूवर, मागे समुद्र, असं तिनं मनाशी बांधून ठेवलं होतं. वाचणाऱ्या बायका रोज विचारायच्या, चालला का? ती रोज लिहायची, अजून नाही, पण लवकरच. ते 'लवकरच' लिहिताना तिचा अंगठा जरा अडायचा.

दुसऱ्या दिवशी गावच्या वाचनालयात तिचं भाषण होतं. नव्यानं ब्लॉग लिहू लागलेल्या आईबापांना चार टिपा द्यायच्या होत्या. सकाळी स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता तिनं त्या मला म्हणून दाखवल्या. मूल रडत असेल तर मोबाइल खाली ठेवा. खिडकीतला उजेड दिव्यापेक्षा बरा. एका वेळी एकच गोष्ट सांगा, घरातला सगळा पसारा नको. इथपर्यंत मलाही पटत होतं. आणि थोरलं मूल असेल तर त्याला मदतीला घ्या, तुम्ही खोलीत नसाल तेव्हा तेच तुमचे डोळे. ही शेवटची टीप तिची लाडकी होती. ब्रेडला लोणी लावत बसलेली साळुंकी इतकी ताठ झाली की निम्मं लोणी बोटांनाच लागलं.

मी म्हटलं, ठीक आहे, फक्त नमनाला घडाभर तेल घालू नकोस, दुपारची वेळ आहे, लोक पेंगतील. भाऊ मोबाइलचा स्टँड काखेत मारून बायकोमागे निघाला. गरीब गाय आहे तो. दारातून भावजय मागे वळली आणि साळुंकीला म्हणाली की गब्दुलवर लक्ष ठेव हं. एवढंच म्हणाली. पण पोरीनं ते राजानं हुकूम द्यावा तसं घेतलं.

दुपारी दुकानात आम्ही तिघंच. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. छत्रीच्या कापडाचा तापलेला वास येत होता, आणि समुद्र इतका हळू बोलत होता की मधूनच तो थांबलाय की काय असं वाटायचं. साळुंकीसुद्धा गप्प बसून शंख-शिंपल्यांच्या टोपलीत हात घोळवत होती. माझे डोळे मिटत आले होते.

कवडसा फरशीवर उतरला. गब्दुल एकात एक रचलेल्या बादल्यांना धरून उभा होता. कवडसा त्याच्या पायाशी आला. त्यानं वाकून त्यावर पंजा ठेवायला बघितलं, तोवर तो पुढे सरकला. गब्दुल स्वतःशीच हसला, बादल्या सोडल्या आणि त्याच्यामागे निघाला.

चालत निघाला. किती पावलं टाकली ते विचारू नका, असल्या वेळी मोजत बसणारी बाई मी नव्हे. दोन्ही हात वर, पोट पुढे, जीभ जराशी बाहेर. उजेडावर पाय टाकायचा, उजेड पुढे जायचा, तो पुन्हा त्याच्यामागे. मला वाटलं मी झोपेतच हे बघतेय. अंगावर काटा आला, आणि मी, जिच्या तोंडाला आजवर कुणी कुलूप घालू शकलं नाही, ती मी नुसती बघत राहिले.

बोलली ती साळुंकी. "थांब!" असं ओरडून ती धावत गेली, त्याच्या काखांत हात घालून त्याला धरलं आणि अलगद, अगदी प्रेमानं, खाली बसवलं. मग धापा टाकत माझ्याकडे वळली. तोंडावर आनंद मावत नव्हता.

"आत्या, वेळेवर धरलं बघ! आता आई येऊ दे."

माझा तिळपापड झाला. पण रागवायचं कुणावर? पोरीनं सांगितलेलं काम चोख केलं होतं. तिच्या लेखी आईचं काहीतरी मोलाचं सांडता सांडता तिनं झेललं होतं. गब्दुल बसल्या जागेवरून आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. मग त्यानं बोट तोंडात घातलं. मी त्याला उभं केलं, आरसा हलवून कवडसा नाचवला, बिस्किट दाखवलं, टाळ्या वाजवल्या. ढिम्म हलेना. त्याला वाटलं असणार, हे करायचं नसतं.

साळुंकी माझ्या कानाशी येऊन म्हणाली की आपण आईला सांगायचंच नाही, म्हणजे तो पुन्हा पहिल्यांदा चालेल. मी विचारलं, मग आत्ता चालला ते काय होतं? तिनं जरा विचार केला. म्हणाली, ते कुणी मोबाइलमध्ये घेतलंच नाही ना, मग ते झालंच नाही. एरवी मी यावर दहा टोमणे मारले असते. तेव्हा मात्र तिला जवळ ओढलं. बराच वेळ मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. शेवटी मनाशी म्हटलं, जाऊ दे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आईला पहिलं पाऊल बघितल्याचं सुख मिळतंय तर मिळू दे.

ऊन उतरल्यावर दोघं परत आली. भाषण रंगलं होतं. शेवटची टीप तर लोकांनी पुन्हा सांगायला लावली, असं भाऊ कौतुकानं म्हणाला. मी नुसतं हं म्हटलं. भावजयीनं गब्दुलच्या पायांत लाल बूट चढवले. मी दुकानाची फळी लावली आणि आम्ही सगळे समोर वाळूत गेलो.

ओहोटी लागली होती. ओल्या वाळूवर आभाळ उतरलं होतं, आणि आपण नक्की कशावर चालतोय तेच कळत नव्हतं. भावानं स्टँड रोवला. भावजयीनं गब्दुलला उभं केलं, चार हात मागे सरकली, हात पसरले. तो बसला. पुन्हा उभं केलं, तो पुन्हा बसला, तेही लगेच आणि शहाण्यासारखा. पहिल्यांदा ती हसली. नंतर हसू आलं नाही. भाऊ म्हणाला, उद्या बघू. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि आहे तिथंच ओल्या वाळूत बसली.

"ताई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "याचं खरंच काही चुकत नसेल ना? मी रोज लवकरच लवकरच लिहिते. मलाच ते खरं वाटेनासं झालंय."

आणि ती रडायला लागली. बाजारात, वाचनालयात, सकाळच्या चहाला जे तिनं हसण्याखाली दडपून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं. मला माझीच लाज वाटली. कुठली झाकली मूठ आणि कसलं काय! मी सांगायला तोंड उघडलं, पण साळुंकी माझ्याआधी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली होती.

"आई, रडू नको. तो चालतो. दुपारी दुकानात चालला. तू नव्हतीस, म्हणून मी त्याला खाली बसवलं."

भावानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. भावजय पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली. सकाळची ती लाडकी टीप तिला आठवली असणार, कारण तिनं डोळे एकदा घट्ट मिटून घेतले. मला वाटलं, आता पोरीला बोलणी बसतात. मी मध्ये पडायच्या तयारीतच होते. पण डोळे उघडून तिनं अगदी हळू विचारलं, "कसा चालला?"

साळुंकीनं सांगायला सुरुवात केली. कवडसा, बादल्या, मग कवडसा. जन्मात पहिल्यांदा तिचे शब्द संपले. मग तिनं चपला फेकल्या आणि करूनच दाखवलं. दोन्ही हात वर, पोट पुढे, जीभ जराशी बाहेर. तिथं नसलेल्या उजेडावर पाय टाकत, तो पुढे गेला की पुन्हा त्याच्यामागे. हुबेहूब गब्दुल. दुकानात मी जे बघितलं तेच ओल्या वाळूवर पुन्हा चाललं होतं, फक्त थोडं उंच होऊन. भावजय तोंडावर हात धरून बघत होती. डोळ्यांतलं पाणीसुद्धा तिनं पुसलं नाही.

पाण्याच्या काठाशी पोर थांबली आणि सवयीनं मागे वळली. "घेतलंस?"

"नाही," भावजय म्हणाली. "बघितलं."

साळुंकी गोंधळली. मग पुन्हा करू का, असं तिनं विचारलं. भावजयीनं मान हलवली. "नको. झालं की ते."

एवढ्यात गब्दुलनं एक बूट ओढून काढला होता आणि आईच्या खांद्याला धरून तो उभा होता. बहिणीचे ते झोकांडे त्याला फार आवडले असावेत. त्यानं खांदा सोडला. ते सगळ्यांत आधी साळुंकीनं बघितलं, कारण तिचं तोंड आमच्याकडे होतं. तिचा हात वर गेला, तोंड उघडलं, शब्द ओठांवर आला. तिनं आईकडे बघितलं. भावजय वाळूत दोन्ही हात रोवून बसली होती. ती फक्त मानेनं नाही म्हणाली.

पोरीनं हात खाली घेतला आणि ती तिथंच गुडघ्यांवर बसली.

एका पायात लाल बूट, दुसरा पाय उघडा, असा तो आमच्या समोरून गेला. आईकडे बघितलं नाही, बापाकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. जिनं त्याला खाली बसवलं होतं तिच्याकडेच गेला. तिच्यापाशी पोचला आणि आपणहून खाली बसायला लागला. दुपारी शिकवलेलं तो विसरला नव्हता. साळुंकीनं त्याच्या काखांत हात घालून त्याला धरलं. रडवेली झाली होती, पण आवाज स्पष्ट होता.

"बसू नको रे. चल."

तो चालला. ती त्याच्या मागून, न धरता, चालली. दोघं पाण्याच्या कडेकडेनं पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि त्यांना कुणी हाक मारली नाही.