न उघडलेली खिट्टी

"पोचलास की सोडतील हो तुला. तोवर गप्प राहा."

हा आवाज अंजनाबाईंचा. पुण्याच्या एका छोट्या कारखान्यात केसाहून बारीक तार गुंडाळता गुंडाळता त्यांची नजर अधू झाली होती. माझी पेटी बंद करण्याआधी त्यांनी माझ्या अंगाची पितळेची खिट्टी सरकवली आणि माझा काटा जागच्या जागी जखडला. प्रवासात हिसका बसून काटा मोडू नये, म्हणून तसं करतात. ते मायेचं बांधणं होतं.

मित्रांनो, मी एक जुना गॅल्व्हानोमीटर आहे. तारेतून मुंगीच्या पावलांनी वीज गेली, तरी माझा काटा थरथरतो. आज मी एका शाळेच्या कपाटात आहे. सामान हलवताना कुणीतरी माझी खिट्टी लावली आणि ती सोडायची राहून गेली. काचेआडून दिवस येतो, जातो. मी शून्यावर उभा.

पण मुक्कामी पोचूनही मी पहिल्यांदा असा कोंडलेला राहिलो, ती गोष्ट वेगळी.

रायपूरच्या कॉलेजात विजेचं इंजिनियरिंग शिकणारी पोरं माझ्याभोवती जमत. कृष्णराव सर म्हणत, "हा खोटं बोलत नाही. तुम्हीही वहीत खोटे आकडे लिहू नका." पोरं हसत. अर्धे आकडे मागच्या वर्षीच्या वहीतूनच उतरलेले असत!

त्या पोरांत भिलाईचा हिरालाल होता. अक्षर मोत्यासारखं. प्रयोगातला जोडीदार तारा जोडी आणि हिरालाल हात पाठीशी बांधून आकडे सांगे. त्याच्या हाताचा स्पर्श मला कधी झालाच नाही.

शेवटच्या वर्षी सरांनी दिवाळीच्या सुट्टीत प्रयोग करून आणायला मला त्याच्या हवाली केलं. गोधडीच्या टोकानंच खिट्टी लावून त्यानं मला तिच्यात गुंडाळलं. भिलाईजवळ चरोद्याला गाडीतून उतरलो, तर त्याचे बाबा तेजराम सायकल घेऊन उभे. सत्तावन्न साली साकोलीकडून ते भिलाईला आले होते. तिथल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या भट्टीच्या पायाची माती त्यांनी घमेल्यानं वाहिली होती.

"बाप मातीचा, पोरगा करंटचा!" भेटेल त्याला ते सांगत.

शेजारचे भय्याजी म्हणाले, "हव, पन तुह्या सायकलले ब्रेक नाही, ते तं पाहाय आधी!"

आणि खरंच, रूळ ओलांडताना सायकल दाणकन उसळली. मी गोधडीतच होतो, मला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी हिरालालनं तारा मांडल्या. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याचं बोट खिट्टीपर्यंत आलं आणि मागे गेलं.

"बाबा, काटा हालत नाही."

तेजराम मटकन खाली बसले. "रुळावर आदळला ना तो! माह्याच हातानं झालं रे."

हिरालालनं तारा गुंडाळून ठेवल्या. मी ओरडलो असतो, पण माझा आवाज म्हणजे माझा काटा, आणि तोच बांधलेला.

मग त्या क्वार्टरमधल्या फळीवरून मी एक गोष्ट पाहू लागलो. हिरालाल दिव्याचं बटण बोटानं दाबत नसे. लाकडी फूटपट्टीनं दाबी. कॉलेजात जाण्याआधीच्या उन्हाळ्यात पंखा दुरुस्त करताना त्याला जबर झटका बसला होता, हे मला पुढे त्याच्याच तोंडून कळलं. घरात तेव्हा कुणी नव्हतं. त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं. आता मी मोडलेला ठरलो, की प्रयोग नाही. प्रयोग नाही, तर परीक्षा नाही. काही न सांगताच त्याची सुटका! माझ्यासारखाच तोही कोंडलेला, मित्रांनो. फक्त त्याची खिट्टी आतून होती.

एक दिवस त्याची माय पंचफुला फळी पुसत होती. तिचा पदर खिट्टीत अडकला आणि खिट्टी सरकली. काटा लाटेसारखा डोलला. ती दचकली. माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या फूटपट्टीकडे पाहिलं. मग हळूच खिट्टी परत लावली. नवऱ्याला तिनं काही सांगितलं नाही. लेकालाही नाही.

पण तिनं गावाहून आणलेलं जातं पहाटे बोललं:

"काचेच्या घरात गं, काटा निजला निजला,
न केल्या चुकीनं बाई, बाप घामानं भिजला.
निजल्याले जागवू गं, सोंगाले काय करू?
मायच्या डोळ्याले सारं दिसते रे लेकरू."

अंथरुणावर हिरालालचे डोळे टक्क उघडे होते. तीन पहाटा तीच ओवी. तिन्ही पहाटा तो तसाच.

सुट्टी संपली. सरांना भेटायला तेजरामांनी कारखान्यात रजा टाकली. लग्नातला शर्ट अंगात चढवून ते आरशापुढे हात जोडून उभे राहिले. "साहेब, चूक माही हाये, पोराची नाही..." मान हलवली. "साहेब, याले फेल नोका करू, मले काय सजा देता ते द्या..."

पंचफुला जात्यापाशी बसली होती. हात थांबलेला. आज तिनं ओवी म्हटली नाही.

मित्रांनो, बंद पडलेली वस्तू टाकून देण्याआधी तिची खिट्टी पाहा. माणूस गप्प झाला, तर त्याचीही पाहा. आपल्या हातानं लावलेली खिट्टी आपल्यालाच उघडावी लागते. उशीर झाला तरी चालेल. मी हे सांगू शकतो, कारण त्या सकाळी मी पाहिलं.

"चाल बेटा, गाडीचा टाइम झाला," तेजराम म्हणाले आणि मला उचलायला वाकले.

हिरालाल मध्ये आला. त्याच्या उघड्या, घामानं ओल्या बोटांचा स्पर्श मला पहिल्यांदा झाला. खिट्टी सरकली. माझा काटा डावीकडे गेला, उजवीकडे गेला आणि शून्यावर येऊन थांबला. तेजराम एकदा माझ्याकडे, एकदा लेकाकडे पाहत राहिले.

"तुमी नाही मोडला, बाबा. मीच सोडला नाही. मले... मले करंटचं भेव वाटते."