देल्यानची दोन बोटं

माझा मुलगा देल्यान अठरा वर्षं लोकांच्या घरी टीव्ही बसवायचं काम करत होता. बल्गेरियातल्या आमच्या गाब्रोवोत भिंतींवर टांगलेल्या टीव्हींपैकी किती त्याच्या हातचे, हे त्यालाही सांगता आलं नसतं. म्हाताऱ्या बायका त्याला मजुरीबरोबर लोणच्याची बरणी द्यायच्या, कारण काम झालं की तो रिमोट त्यांच्या हातात देऊन तीन-तीनदा समजावायचा आणि कुणावर खेकसायचा नाही. मी, स्तामेन, त्याचा बाप. एकतीस वर्षं ट्रॉलीबस, म्हणजे वरच्या तारेच्या विजेवर धावणारी बस, चालवली. घरातल्या टीव्हीच्या मागे काय असतं ते बघायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. घरातच जाणकार असला की माणूस आळशी होतो.

नोव्हेंबरात, एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात, शिडीवर चढायच्या आधीच त्याला अर्धांगाचा झटका आला. एकेचाळीस वर्षांचा होता. शिडीवर असता तर संपलंच असतं, असं सगळे म्हणाले. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि बोलणं गेलं. एकच शब्द तेवढा उरला, ‘मंगळवार’. पाणी हवं तरी मंगळवार, उशी टोचली तरी मंगळवार, राग आला की मंगळवार, मंगळवार, मंगळवार. मंगळवारच का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. “त्याला काय म्हणायचंय ते त्याला पक्कं ठाऊक असतं,” ते म्हणाले, “पण बाहेर येताना तो एकच शब्द येतो. हो आणि नाही यांचीही अदलाबदल होते, तेव्हा त्याच्या मानेवर विसंबू नका.” डाव्या हातात पेन्सिल दिली तर कागदावर नुसत्या रेघोट्या यायच्या.

त्याची आई सहा वर्षांपूर्वी गेली. लग्न त्याने केलं नाही. मी माझं घर बंद केलं आणि त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो.

व्यायाम करून घेणारी रादोस्तिना आठवड्यातून दोनदा यायची. फेब्रुवारीत ती म्हणाली, “काका, नुसते रबरी चेंडू दाबून याला वीट आलाय. टीव्हीवर खेळायचा गेम असतो ना, दोन हातांत धरायचा, तो आणा. हात कामाला लागला तर याच मार्गाने लागेल.” मी फोनवर माझ्या मुलीला, स्विलेनाला, हे सांगितलं. ती व्हॅलेन्सियात एका म्हाताऱ्या स्पॅनिश जोडप्याची देखभाल करते. तीन आठवड्यांत बसने खोकं आलं. खोक्यात काळं यंत्र, दोन्ही हातांत धरायचं बटणांचं हँडल आणि तीन वायरी होत्या. वर स्विलेनाच्या अक्षरात चिठ्ठी: बाबा, सोपं आहे, घाबरू नका.

शनिवारी दुपारी, घेवड्याचं सूप पिऊन झाल्यावर, मी ते लावायला घेतलं. देल्यान खुर्चीत बसला होता, पाय शालीत गुंडाळलेले. शेजारच्या त्स्वेताना बाईंनी मार्चमध्ये आरोग्यासाठी बांधतात तो लाल-पांढरा दोरा मुद्दाम त्याच्या लुळ्या मनगटाला बांधला होता. खोकं उघडताना त्याचे डोळे चमकले. इतक्या महिन्यांत मी ते पाहिलं नव्हतं. मला वाटलं, अर्धं काम इथेच झालं.

यंत्राची वीज लावली. हिरवा दिवा लागला. जाड वायरीचं एक टोक यंत्रात गेलं, दुसरं टीव्हीच्या मागे. तो टीव्ही म्हणजे देल्यानचा लाडका, भिंतभर रुंद, बुटक्या कपाटावर ठेवलेला. चित्र इतकं स्वच्छ की फुटबॉल खेळणाऱ्यांच्या भुवयांवरचा घाम दिसतो. मागे वाकून मी हाताने चाचपडलं. एक खाच सापडली, टोक त्यात बसलं. ट्रॉलीबसची तार सुटली की खाली उतरून दोरीने दांडा परत तारेवर चढवायचा असतो. ते जमलं की आतले दिवे लागतात आणि प्रवासी बडबड थांबवतात. मला तसंच वाटलं. मी पुढे आलो.

पडदा निळा होता. मध्ये लिहिलं होतं, सिग्नल नाही.

“मंगळवार,” देल्यान म्हणाला. शांतपणे, गिऱ्हाइकाशी बोलायचा तसा. आणि डाव्या हाताची दोन बोटं वर केली.

“दोन?” मी विचारलं. “दोन वाजले म्हणतोस? हो रे, गोळी राहिली.” मी गोळी आणि पाणी आणलं. त्याने गोळी घेतली, पण माझ्याकडे असा बघत राहिला, जणू तो भिंतीशी बोलतोय. पुन्हा दोन बोटं.

रिमोटवर दोनचं बटण होतं. मी ते दाबलं. दुसऱ्या नंबरचं चॅनेल लागलं. एक बाई केक सजवत होती.

“मंगळवार!” आता आवाज चढला.

“थांब, थांब. ओरडू नकोस. मी स्विलेनाला विचारतो.”

स्विलेनाने फोन उचलला तेव्हा मागे कुणीतरी स्पॅनिशमध्ये हाका मारत होतं. “बाबा, दहा मिनिटं आहेत. आजींना आंघोळ घालायचीय. काय दिसतंय?”

“सिग्नल नाही.”

“रिमोटवर चौकोनात बाण असलेलं बटण आहे का?”

“आहे.”

“ते दाबा. यादी येईल. एकेक करून खाली जा.”

मी दाबलं. यादी आली. पहिल्यावर सिग्नल नाही, दुसऱ्यावर सिग्नल नाही, तिसऱ्यावर सिग्नल नाही. मी तिला प्रत्येक वेळी वाचून दाखवलं.

“वायर नीट आत गेलीय का?”

“नीट म्हणजे? माझ्या बाजूने नीटच आहे.”

“बाबा, देल्यानला विचारा ना.”

बोलून गेल्यावर तिला उमगलं. मग ती म्हणाली, “चुकलं माझं.” आणि लगेच, “मला जायला हवं, आजी उघड्याच बसल्यात. संध्याकाळी करते फोन.”

मी पुन्हा सगळं काढलं, पुन्हा लावलं. वायरीची टोकं उलटसुलट केली, फुंकर मारली. एकदा तर मी टीव्हीच बंद केला. चालू केला तर नुसत्या मुंग्या आल्या. देल्यान दोन बोटं खाली ठेवीना. कधी पुढे करायचा, कधी मागे, कधी ती खालीवर नाचवायचा. मी विचारत गेलो. दुसरी उशी? मंगळवार. दोन नंबरला जायचंय, संडासला? मंगळवार. दुसरी वायर? मी दुसरी वायर हातात घेतली. ती हँडल चार्ज करायची होती. तो मान हलवायचा, पण ती मान हो म्हणते की नाही, ते मला कसं कळावं? प्रत्येक प्रश्नाला तीच मान, तोच शब्द.

शेवटी त्याने बोटं खाली घेतली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळे भरले होते. अठरा वर्षं त्याने परक्या म्हाताऱ्यांना रिमोट शिकवला. स्वतःच्या बापाला एक गोष्ट सांगायची होती, ती आत अडकली होती आणि बाप हातात वायर घेऊन मख्खासारखा उभा होता. मला माझीच लाज वाटली. मी म्हणालो, “राहू दे. सोमवारी कुणाला तरी बोलावू.”

मी भांडी घासायला स्वयंपाकघरात गेलो. दोन ताटल्या घासून होतात न होतात तोच धप्प आवाज आला.

देल्यान टीव्हीच्या कपाटापाशी जमिनीवर पडला होता. शाल मागे, खुर्चीपाशी. म्हणजे तो उठला होता आणि चार पावलं चालला होता. झटक्यानंतर तो एकट्याने कधी उभाही राहिला नव्हता. डोकं आपटलं नव्हतं, रक्त नव्हतं. मी त्याच्या काखेत हात घातले आणि उचलू लागलो. माझा उजवा खुबा दोन वर्षांपूर्वी बदललाय. देल्यान शंभर किलोचा. मी ओढलं, तो एक वीत सरकला आणि माझ्या खुब्यात अशी कळ आली की मी कपाटाला धरून उभा राहिलो. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यानेच डाव्या हाताने माझा हात बाजूला केला.

“ॲम्ब्युलन्सला बोलावतो,” मी फोन घेतला. त्याने माझी विजार घट्ट धरली. दवाखान्यात त्याने सात आठवडे काढले होते. तो हात काय म्हणतोय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर कळलं. मी फोन ठेवला.

त्स्वेताना बाईंची बेल वाजवली. कुणी नाही. शनिवारी त्या बाजारात जातात, मग मुलीकडे. समोरचं दार तीन वर्षांपासून बंद आहे, ते लोक जर्मनीत. खालच्या मजल्यावर एक बाई तान्हं मूल घेऊन दारात आली. तिचा नवरा कामावर होता. तिला मी काय उचलायला सांगणार? पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या कोस्तादिनांनी दार उघडलं, ते स्वतःच चौकटीला धरून. “येऊ का?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “नको, मग दोघांना उचलावं लागेल.” ते हसले नाहीत. मीही विनोद म्हणून बोललो नव्हतो.

जिने चढून परत आलो तर खोलीत संगीत वाजत होतं.

पडद्यावर चित्र होतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, इतकी स्पष्ट की डोळ्यांना टोचावीत. देल्यान सरपटत कपाटाच्या मागे गेला होता. त्याचं डोकं आणि डावा हात टीव्हीखाली होते, बाकीचा देल्यान बाहेर. मी गुडघ्यावर वाकून आत पाहिलं. टीव्हीच्या मागे एकाखाली एक तीन खाचा होत्या आणि प्रत्येकीशेजारी बारीक आकडा. वायर मी पहिल्या खाचेत घातली होती. ती खाच मेलेली. तिच्यावर चिकटपट्टीचा एक तुकडाही होता, देल्याननेच कधीतरी लावलेला, आणि मी तो बोटाने बाजूला सारून वायर घुसवली होती. आता ती दुसरीत होती आणि टीव्हीने चित्र आपणच धरलं होतं.

दोन.

“अरे देवा,” मी म्हणालो. “दुसरी खाच.”

“मंगळवार,” तो टीव्हीखालून म्हणाला. थकून.

तो सरपटत पडद्यासमोर आला. मी त्याच्या डोक्याखाली उशी दिली, अंगावर शाल घातली आणि शेजारी जमिनीवर बसलो. उभं राहून करण्यासारखं काही नव्हतंच. यंत्र भाषा विचारत होतं. बल्गेरियन यादीत सापडली नाही. रशियन शाळेत शिकलो होतो, ती निवडली. मग ते घरातलं इंटरनेट मागू लागलं, परवलीचा शब्द मागू लागलं. तो राउटरच्या खाली चिकटवलेला होता. देल्यानने बोटाने राउटर दाखवला, मी उताणा केला आणि एकेक अक्षर शोधत भरलं. दोनदा चुकलं. त्याने तिसऱ्यांदा माझं बोट धरून हँडलच्या योग्य बटणावर नेलं. मग यंत्र म्हणालं, स्वतःला अद्ययावत करतो, वाट पाहा. एक पट्टी हळूहळू भरू लागली. आम्ही वाट पाहिली. जमीन गार होती. त्याला थंडी वाजत होती, मी कोट काढून त्याच्या पायांवर टाकला. बोलायला काही नव्हतं आणि बोलता येणारा एकटा मीच होतो, म्हणून मी त्याला ट्रॉलीबसची तार बर्फात सुटायची तेव्हाच्या गोष्टी सांगितल्या. त्या त्याने शंभरदा ऐकल्यात.

पट्टी भरल्यावर पडद्यावर आलं, दोन्ही हातांनी हँडल धरा आणि डावं-उजवं बटण एकदम दाबा.

डावं त्याने दाबलं. उजवा हात शालीवर पडून राहिला. तो त्या हाताकडे बघत होता, जसं माणूस ऐन वेळी पाठ फिरवलेल्या नातेवाइकाकडे बघतो. मी तो हात उचलला, त्याचा अंगठा बटणावर ठेवला आणि वरून माझ्या अंगठ्याने दाबला. यंत्राने ते मानलं. अंगठा कुणाचा, ते त्याने विचारलं नाही.

पाचच्या सुमाराला जिन्यात त्स्वेताना बाईंचा आवाज आला. मी दार उघडंच ठेवलं होतं. त्या आणि त्यांचा जावई आत आले. बाईंनी आम्हाला तसं जमिनीवर पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

“दोघंही?” त्या म्हणाल्या.

“मी बसलोय. तो पडलाय.”

“किती वेळ?”

“दुपारपासून.”

“मला फोन करायचा ना, स्तामेन.”

त्यांचा नंबर माझ्याकडे होता. मला सुचलंच नव्हतं. जावयाने एका दमात देल्यानला उचलून खुर्चीत बसवलं. बाई चहा टाकायला आत गेल्या. मी मात्र ते अजून मनातून काढू शकलेलो नाही. दोन तास गार जमिनीवर, आणि फोन माझ्या खिशात.

संध्याकाळी स्विलेनाचा फोन आला. “लागलं?”

“लागलं.”

“कुणी लावलं?”

“देल्यानने.”

ती रडायला लागली. तिला वाटलं, तो बरा होतोय. मी तिला पडल्याचं सांगितलं नाही.

आता जून आहे. रोज दुपारी आम्ही मोटारींची शर्यत खेळतो. डाव्या हाताने तो गाडी वळवतो, उजव्या बाजूची वेगाची आणि ब्रेकची बटणं माझी, म्हणजे त्याचा अंगठा आणि त्यावर माझा. एकतीस वर्षं एक अपघात केला नाही मी, आणि इथे पहिल्याच वळणाला आम्ही भिंतीत जातो. तो चिडतो, मी माफी मागतो, पुन्हा सुरू करतो. परवा आठांत सातवे आलो.

शब्द एकच आहे अजून. पायात थोडी ताकद आलीय, संडासपर्यंत धरून नेता येतं. अंगठ्याचं मला नक्की सांगता येत नाही. कधीकधी वाटतं, मी दाबायच्या आधी तो हलला. मग वाटतं, मीच दाबलं असेन. रादोस्तिनाला तसं सांगितलं. तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाली, “काका, पुढच्या महिन्यात पुन्हा बघू.”