निघणाऱ्याची बशी

आईने ओल्या फडक्याखालची सैल कणीक काढली आणि लानफेनच्या काळजात चर्र झालं.

चीनमधल्या ताययुआन शहरातल्या त्या बोळात, सायकलवाल्याच्या पाठीमागे, बिनपाटीचं तीन टेबलांचं त्यांचं दुकान. घट्ट मळलेला गोळा खांद्याशी धरायचा, पातीने सपासप सोलायचा, नूडल्स थेट आधणात. दुसरं काही तिथे मिळत नाही. सैल कणीक निघते ती कुणी गावाला निघालं तरच. येणाऱ्याला नूडल्स, जाणाऱ्याला सैल कणकेची, सारण भरलेली डंपलिंग. त्या मुलखात यात कुणाची चूक होत नाही. लग्न होऊन निघाली तेव्हा लानफेननेही याच टेबलाशी बसून रडत रडत डंपलिंग खाल्ली होती.

आज सकाळी ती सासर सोडून आली, एका पिशवीनिशी. आईने तिचं निळंजांभळं मनगट पाहिलं आणि वळून चूल पेटवली. मग गिऱ्हाइकं आली, आणि त्यांच्यामागोमाग थोरला दीर, देशेंग.

"नवरा आहे, मावशी. उठतो एखाद वेळी हात," सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला. "म्हणून काय घर सोडायचं? दुपारच्या बसने नेतो हिला."

आई पाऱ्या लाटत राहिली.

रोजचे म्हातारे गंगकाका वाडग्यातून डोकं वर काढून म्हणाले, "वहिनी, आज डंपलिंग? कोण निघालं?"

"आहे एक."

देशेंग हसला. "ऐकलंस? आईला कळतं. पिशवी घे."

लानफेनने बाही खाली ओढली. बशी आपल्यापुढे आली तर आपण मुकाट्याने खाऊ आणि जाऊ, हे तिला पक्कं माहीत होतं. दुसरं दार होतं कुठे?

डंपलिंग वर तरंगली. आईने ती निथळवली, बशी घेऊन ती आली, लानफेनच्या खुर्चीला घासून पुढे गेली आणि देशेंगसमोर थांबली.

"पाहुणे, गरम आहेत तोवर खा. बस चुकायची."

गंगकाकांचं भुरकणं थांबलं.

"आणि ही?" देशेंगने विचारलं.

आई केव्हाच चुलीशी परतली होती. घट्ट गोळा तिच्या खांद्याशी होता, पाती चालू झाली होती.

देशेंगने खुर्ची धाडकन मागे सारली. "उद्या तो स्वतः येईल!"

"येऊ दे. त्याच्यापुरती सैल कणीक आहे."

तो गेला. जरा वेळाने गंगकाकांनी हळूच विचारलं, "ती बशी आता वाया जाणार का, वहिनी?"

"तुम्हाला निघायचंय का कुठे?"

"या वयात? नको गं बाई!"

आईने नूडल्सचा वाफाळता वाडगा लानफेनपुढे आदळला, व्हिनेगरची बाटली सरकवली, आणि तिच्याकडे न बघताच म्हणाली, "बाही वर कर. रश्शात बुडेल."