पाटीवरचे आणि खरे

"आई, उतरा बघू खाली! आज तुम्ही शिपाई नाही, विद्यार्थिनी आहात."

सूनबाईने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं होतं. वर ठेवणीतले कपडे घातलेल्या मावशी भिंतीवरच्या एका दाढीवाल्या गृहस्थांच्या तसबिरीची काच पुसत होत्या.

"माझी परीक्षा म्हणून यांनी काय धुळीत राहायचं?" मावशी म्हणाल्या, आणि काचेवर हाः करून पुन्हा एकदा फडकं फिरवलं.

समाजशास्त्र विभागात मावशींची सत्तावीस वर्षं नोकरी झाली होती. विभागप्रमुखांच्या खोलीत या शास्त्राची सुरुवात करून देणाऱ्या चौघांच्या तसबिरी टांगलेल्या, आणि प्रत्येकीखाली भिंतीत स्क्रूने बसवलेली पितळी पाटी. ती परकी नावं जिभेवर बसेनात, तेव्हा मावशींनी आपली सोयीची नावं ठेवून टाकली. या शास्त्राला ज्यांनी नाव दिलं ते नाववाले. ऐकू कमी येई म्हणून कानाशी कर्णा धरून परदेश हिंडलेल्या आणि माणसांकडे बघावं कसं हे लिहून ठेवणाऱ्या कर्णेवाल्या बाई. समाजाचे नियम डोळ्यांना दिसत नाहीत, पण मोडायला गेलं की दगडासारखे लागतात, असं सांगणारे नियमवाले. आणि कचेरीवाले. हे मावशींचे खास लाडके. कचेरीत मान असतो तो खुर्चीला, माणूस येतो नि जातो, असं काहीसं त्यांचं म्हणणं होतं. चार विभागप्रमुखांच्या फायली वाहिलेल्या मावशींना ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका आनंद झाला, की त्या स्वयंपाकघरात एकट्याच मोठ्याने हसल्या होत्या.

शाळा चौदाव्या वर्षी सुटली होती, धाकट्या भावंडांपायी. ती पुन्हा सुरू करून दिली सूनबाईने. आधी शाळेच्या, मग पदवीच्या परीक्षेला बाहेरून बसायचे फॉर्म तिनेच भरले आणि भाजी निवडता निवडता सासूला धडे दिले. लेखी पेपर एकेक करत सुटले. राहिली होती ती तोंडी. गेल्या वर्षी परीक्षकांसमोर मावशींच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते घरी पोचेपर्यंत उघडलं नाही. आज शेवटची संधी होती. ही हुकली की पदवीचं नाव सोडायचं.

त्यातच आठ दिवसांपूर्वी घोळ झाला. सूनबाईने फोटो असलेलं एक पुस्तक आणलं, आणि मावशींच्या हातातली वाटी तशीच राहिली. पुस्तकात चष्मा नियमवाल्यांच्या नाकावर होता. विभागात मात्र चष्मेवाल्यांच्या खाली पाटी होती कचेरीवाल्यांची. अठरा वर्षांपूर्वी खोलीला रंग दिला तेव्हा तसबिरी परत टांगल्या होत्या मावशींनीच. दोघेही दाढीवाले, आणि त्या वेळी मावशींना त्यांची ओळख ती किती! अदलाबदल झाली ती झाली. तेव्हापासून आताचे विभागप्रमुख सर त्याच तसबिरींकडे बोट दाखवून शिकवत होते, आणि विभागाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरही दोघे एकमेकांची नावं लावून बसले होते.

"निकाल लागेपर्यंत ब्र काढायचा नाही," सूनबाईने बजावलं होतं. आता बाहेर जाताना तिने डोळ्यांनीच ते पुन्हा बजावलं.

टेबलापलीकडे सर बसले, शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. मावशींना समोरची खुर्ची दिली. या खोलीत त्या पहिल्यांदाच खुर्चीवर बसत होत्या, त्यामुळे अगदी कडेवर टेकल्या.

"समाजशास्त्राची गरज का पडली?" बाईंनी विचारलं.

तोंडाचं कुलूप पुन्हा लागू पाहत होतं. मावशींनी नाववाल्यांकडे एक नजर टाकली आणि सुरू झाल्या. "कारखाने आले, राजांची सिंहासनं डळमळली. गावातली माणसं शहरात आली, शेजारी कोण राहतं ते कळेना. जुनं मोडलं होतं, नवं बसलं नव्हतं. तेव्हा काही जणांना प्रश्न पडला, की एवढं सगळं होऊनही माणसं एकत्र राहतात ती कशाच्या आधारावर? म्हटलं, ताऱ्यांचा अभ्यास होतो, दगडांचा होतो, मग आपला का नाही?"

बाई लिहायच्या थांबल्या. सर तर असे फुलले, जणू उत्तर त्यांनीच दिलं होतं. मावशींवर त्यांची माया होती. आता एक अगदी सोपा प्रश्न विचारून मार्क पक्के करावेत, म्हणून त्यांनी चष्मेवाल्या तसबिरीकडे बोट केलं.

"मावशी, हे कोण?"

पाटी समोर होती. नुसती वाचली असती तरी पास! खरं बोलावं तर पाहुण्यांदेखत सरांची शोभा, आणि आपली अठरा वर्षांपूर्वीची चूकही चव्हाट्यावर. पण नियमवाले चष्म्यातून त्यांच्याकडेच बघत होते, आताच स्वच्छ पुसलेल्या काचेआडून.

"सर," मावशी म्हणाल्या, "पाटीवरचे सांगू, की खरे सांगू?"

मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. सरांनी कपाटातून पुस्तक काढलं, फोटो पाहिला, भिंत पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. त्यांचे कान लाल झाले. बाईंनी तोंडाला रुमाल लावला होता.

"पण मावशी," हसू आवरत बाईंनी विचारलं, "अठरा वर्षांत एवढ्या शिकलेल्या माणसांतल्या कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

"सगळे मानतात म्हणून प्रत्येक जण मानत गेला," मावशी म्हणाल्या. "पाटीवर लिहिलंय, आणि तेही विभागप्रमुखांच्या खोलीत! संशय घ्यायची छाती कुणाची? नियमवाल्यांनी हेच तर सांगितलंय. बिचारे स्वतःच त्यात सापडले."

आता मात्र बाई रुमाल बाजूला ठेवून खदखदून हसल्या, आणि क्षणभराने सरही. एवढे हसले की दाराबाहेर कान लावून बसलेली सूनबाई आत डोकावली.

"माझे प्रश्न संपले," बाई म्हणाल्या. "पास कसल्या, मावशी! मार्क देताना माझाच हात थांबणार नाही."

मावशींचे डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून त्या लगबगीने उठल्या आणि सवयीने स्टुलाकडे वळल्या. "आता लगेच बदलते दोन्ही."

"तुम्ही बसा," सर म्हणाले. त्यांनी बूट काढले, स्टूल भिंतीशी ओढलं आणि हळूच, तोल सांभाळत, वर चढले. दोन्ही तसबिरी उतरवल्या, पाटीप्रमाणे टांगल्या. कोटाच्या बाहीला भिंतीचा रंग लागला.

"सरळ आहे का, मावशी?"

मावशी खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या. त्यांनी डोळे बारीक केले.

"जरा डावीकडे, सर."