बरोबरीचा दिवस

बाबांच्या चपलांचा आवाज जिन्यावर विरला, तशी ठमीने त्यांनी सकाळी बांधलेलं चाक खुंटीवरून उतरवलं, स्टँडवर चढवलं आणि बोटाने फिरवलं. रिम एका जागी केसभर डावीकडे झुकत होती. तिने पाना घेतला, दोन स्पोक आवळले, एक सैल सोडला, पुन्हा फिरवलं. चाक सरळ धावलं. बाबा जेवून खाली यायच्या आत ते खुंटीवर होतं आणि ठमी साळसूदपणे फरशी झाडत होती.

खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर घर. नोकरी सोडून ठमी दुकानात आली, तेव्हा बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नवा माणूस म्हणजे तोटा. तुझं काम मला पुन्हा करावं लागणार. माझा जेवढा वेळ खाशील तेवढा ज्या दिवशी वाचवशील, त्या दिवशी बरोबरी. मग खिडकीतली जागा तुझी."

खिडकीत भरपूर उजेड होता, येणारा-जाणारा आधी तिथे बसलेल्याला हाक मारायचा. दुकानाचा सगळा मान त्या एका जागेला होता आणि ठमीचा जीव त्यात अडकला होता.

घरात या बरोबरीवर जेवताना बराच खल व्हायचा. हिशेबनीस काकांच्या मते याला ब्रेक-इव्हन म्हणतात: भाडं, वीज, माल भरून निघाला की दुकान ना नफ्यात ना तोट्यात आलं, त्यानंतरचं पंक्चर आपलं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या दादाचं वीज बनवायचं यंत्र जेवढी वीज खायचं तेवढी परत द्यायला काही राजी नव्हतं. ते देईल त्या दिवशी मी लग्न करीन, असं तो म्हणून बसला होता, त्यामुळे आईचा त्या यंत्रावर फार राग होता.

"आणि वहिनी, संसारातली बरोबरी?" काकांनी एकदा विचारलं.

"ती झाली तर भांडायचं कशावरून?" आई म्हणाली आणि उरलेली भाजी तिने त्यांच्या ताटात ढकलली.

अलीकडे बाबांनी ठमीवर ओरडणं बंद केलं होतं. एरवी ती हरखून गेली असती. पण त्याच सुमारास बाबांची चाकं डुलायला लागली होती. नवा चष्मा झाला, तरी अंगठा थरथरायचा तो थरथरायचाच. हे त्यांना कळलं तर ते पाना कायमचा खाली ठेवतील, म्हणून ती त्यांची चाकं चोरून सरळ करायची. आता तिला ती खिडकी मुळीच नको होती.

त्या संध्याकाळी हात पुसता पुसता बाबा म्हणाले, "ठमे, उद्यापासून खिडकीत बस."

"इतक्यात नको, बाबा. माझा हात अजून कच्चा आहे."

"या महिन्यात तुझं एकच चाक मला सरळ करावं लागलं."

"एक आहे ना? म्हणजे तोटाच."

"आणि माझी तू किती केलीस?"

ठमी फडक्याने पाना पुसायला लागली.

"एक," ती पुटपुटली.

"चार," बाबा म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "अगं, जन्म गेला माझा या धंद्यात. जेवायच्या सुट्टीत चाकं आपोआप सरळ होत नाहीत."

ठमीला रडू आलं, आणि मेलं हसूही आलं. डोळे पुसताना गालावर ग्रीसचा पट्टा उमटला.

"मग बरोबरी झाली तरी कधी?"

"मागेच झाली. मी वर जेवत होतो तेव्हा." बाबांनी खिडकीतलं आपलं स्टूल उचललं आणि आतल्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. "आता चोरून नको. चाकं मी बांधणार, तू तपासायची. तपासणाऱ्याला उजेड जास्त लागतो."