पाच दिवसांचे आकडे

बुधवारी सकाळी लॅबचं दार उघडलं, तेव्हा मासे वर आले होते.

तनिषा दारातच थबकली. गेले सहा आठवडे टाकीच्या तळाला, खडीच्या फटींत दडून बसलेली सॅमनची पिल्लं आता पाण्याच्या वरच्या थरात होती. बोटाच्या पेराएवढी. सगळ्यांची तोंडं पंपाच्या प्रवाहाकडे आणि कल्ले भराभर हलत होते.

"आज कशी काय?" मागून नकुल म्हणाला. दहावीच्या वर्गातला तो तिचा जोडीदार. भिंतीवरचा आलेख त्याचाच. "यांना घाई झालीय. उशिराच्या बाबतीत तुझ्यावर नाही गेलेली."

एरवी तिने त्याला उलट काहीतरी ऐकवलं असतं.

आलेखाचा हिशेब साधा होता. पाण्याचं रोजचं तापमान त्याआधीच्या बेरजेत मिळवत जायचं. बेरीज आठशेच्या आसपास गेली की पिल्लांच्या पोटाखालची बलकाची पिशवी संपते आणि ती खाणं शोधायला खडीतून वर येतात. त्या दिवशी त्यांना नदीत सोडायचं. वर्गाच्या सहलीची बसही ठरली होती, पुढच्या बुधवारची. आजची बेरीज सातशे पंचावन्न होती.

विज्ञानाच्या बाई मिसेस प्रिचर्डनी लगेच डंकनला फोन केला. डंकन नदी संस्थेचा माणूस. जानेवारीत हँपशरमधल्या नदीतल्या जंगली सॅमनची शंभर अंडी थंड डब्यातून त्यानेच रीडिंगच्या या शाळेत आणून दिली होती. त्यातली वीसेक फुटलीच नाहीत. साडेदहाला तो आला. बूट जंतुनाशकात बुडवून मगच आत शिरला. त्याने पाण्यातला ऑक्सिजन मोजला, अमोनिया मोजला. दोन्ही ठीक होते. एक पिल्लू काचेच्या बशीत घेऊन भिंगाखाली धरलं.

"बारीक आहे," तो म्हणाला. "पिशवी संपलीय. तुमच्या बेरजेप्रमाणे अजून आठवडाभराची उरायला हवी होती. बाकीच्या तीन शाळांत याच आईची अंडी आहेत. त्यांची पिल्लं अजून खडीत आहेत." मग त्याने हात पुढे केला. "नोंदवही बघू."

तनिषाने वही दिली.

तो पानं उलटत फेब्रुवारीच्या हाफ टर्मपाशी आला. "सुट्टीत कोण होतं?"

"मी," तनिषा म्हणाली. "आमचं घर जवळ आहे. केअरटेकर दार उघडून द्यायचे."

"रविवारी एक मेलं. सोमवारी दोन. मंगळवारी दोन, बुधवारी एक, गुरुवारी तीन. तापमान मात्र रोज सातच्या आसपास." डंकनने वही मिटली. "एकाच दिवशी नऊ मेली असती, तर मशीन बिघडलं म्हणालो असतो. पाणी थंड असताना रोज एक-दोन मरतात, तेव्हा रोग असतो."

"मग?" मिसेस प्रिचर्डनी विचारलं.

"रोगाचा संशय असला तरी नदीत सोडता येत नाहीत. तिथे जंगली मासे आधीच थोडे उरलेत." त्याच्या बॅगेत भुलीच्या औषधाची बाटली होती. ते पाण्यात जास्त घातलं की पिल्लं झोपतात आणि उठत नाहीत. "ऑफिसशी बोलतो. बारापर्यंत ठरवू."

रोज एक-दोन. ही वाटणी तनिषाने स्वतः केली होती.

शनिवारी ती टाकीपाशी आली होती, तेव्हा सगळं नीट होतं. रविवारी एका रात्रीसाठी मिल्टन कीन्सला मामाकडे गेली आणि पाच दिवस राहिली. शुक्रवारी परत येऊन लॅबचं दार उघडलं, तर पाणी गार करणारा चिलर बंद पडला होता. थर्मामीटरवर सोळा पूर्णांक दोन. तळाशी नऊ पांढरी पिल्लं. तिने चिलरचं बटण दाबलं, मेलेली गाळणीने काढली आणि स्टुलावर बसून पाच दिवस लिहून काढले. तापमानही एकसारखं लिहिलं नाही. सात पूर्णांक एक, सात, सात पूर्णांक दोन. खरं वाटावं म्हणून.

ब्रेकमध्ये तिने आईला फोन केला. वैजयंती हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होती. चौथ्या रिंगला तिने उचलला.

"काय गं, बरी आहेस ना?"

तनिषाने एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे ट्रॉलीची चाकं वाजून गेली.

"म्हणजे, मोजलंच नव्हतंस?"

"नाही."

"आणि मेलेले मासे पाच दिवसांत वाटून लिहिलेस? तनू, आमच्या वॉर्डात कुणी चार्टवर असं केलं तर..." वैजयंती मध्येच थांबली. मग आवाज खाली आला. "राहा म्हणून मीच सांगितलं होतं, ना?"

"हो. म्हणालीस, एक दिवस नाही बघितलं तर मासे काय मरणारेत."

"हे बघ, आत्ता काही बोलू नकोस. घरी आल्यावर नीट ठरवू. मी मिसेस प्रिचर्डना ईमेल करते."

"आई, बारा वाजता ते मारतील."

"अगं पण तुझं—" पलीकडे पेजर वाजायला लागला. "मला जायला हवं. ऐक, थांब माझ्यासाठी." फोन कट झाला.

अकरा चाळीस झाले होते. कॉरिडॉरमध्ये सातवीची मुलं रांगेत धक्काबुक्की करत होती. त्यांच्यामधून वाट काढत ती लॅबपाशी पोचली. आत डंकन बादलीत पाणी मोजून ओतत होता आणि बाटली टेबलावर होती. नकुल टाकीसमोर उभा राहून पाहत होता.

"त्यांना रोग नाहीये," तनिषा म्हणाली.

तिने वही उघडली आणि पाच ओळींवर बोट ठेवलं. "हे मी मोजलेलं नाही. पाच दिवस मी इथे नव्हतेच. शुक्रवारी आले तेव्हा चिलर बंद होता. पाणी सोळा पूर्णांक दोन होतं. नऊ एकदमच मेलेली होती."

मिसेस प्रिचर्ड हळूच खुर्चीत बसल्या. नकुल तिच्याकडे वळला. "आलेख तर... तू मला आकडे सांगत होतीस आणि मी टिंबं काढत होतो."

"कधी बंद पडला?" डंकनने विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"माहीत नाही. शनिवारी दुपारी चालू होता."

त्याने पेन काढलं. "पाच दिवस धरू. रोज नऊ अंशांनी जास्त. पंचेचाळीस." सातशे पंचावन्नमध्ये ते मिळवून, खाली आठशे लिहून त्याने कागद मिसेस प्रिचर्डसमोर सरकवला. मग म्हणाला, "हा अंदाज आहे. आता तुझ्या शब्दावर मी काही करू शकत नाही. पिल्लांनाच विचारू."

गाडीतून त्याने माशांच्या खाण्याची पुडी आणली आणि तपकिरी भुकटीची एक चिमूट पाण्यावर सोडली. भुकटी पसरली. काही झालं नाही. एक कण खाली जायला लागला, एक पिल्लू तिरकं झालं, झेपावलं, आणि कण नव्हता. मग दुसरं, मग सगळीच. पाण्यावर बारीक बारीक खळगे पडू लागले.

"आजारी मासे असं खात नाहीत," डंकन म्हणाला. "उपाशी होती." त्याने पुन्हा ऑफिसला फोन लावला. या वेळी बराच वेळ बोलला. फोन ठेवून म्हणाला, "आज मी घेऊन जातो. आमच्या टाकीत दहा दिवस वेगळी ठेवू. ठीक राहिली तर नदीत. तुमच्या शाळेचे आकडे मात्र आम्हाला वापरता येणार नाहीत. एकही."

"आणि वर्गाची सहल?" नकुलने विचारलं.

"ती तुमच्या माशांशिवाय."

मिसेस प्रिचर्ड तनिषाला एवढंच म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर थांब. आईलाही बोलाव." बाटली डंकनच्या बॅगेत परत गेली होती.

पिल्लं पिशवीत भरताना मोजायची होती. नकुलने जाळी हातात घेतली आणि तिच्याकडे न बघता वही तिच्यापुढे टाकली. ती उभ्या रेघा मारत गेली. शेवटचं पिल्लू पिशवीत सुळकन गेलं.

"किती?" डंकनने विचारलं.

"एकाहत्तर," तनिषा म्हणाली.

"सत्तर," नकुल म्हणाला.

क्षणभर दोघंही पिशवीकडे बघत राहिले. नकुलने दुसरी पिशवी पाण्याने भरली, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. या वेळी दोघांनी, मोठ्याने.