अधिकात जावयावर दावा

सुहासिनीबाई दूधवाल्याला एक शब्द जास्त बोलल्या तरी दिवसभर हळहळायच्या. आणि आता त्यांनी दावा लावायचा, तोही जावयावर, तोही अधिक महिन्यात. ज्या महिन्यात सांगलीच्या बायका जावयाला अनारसे आणि दिव्याचं वाण देतात, त्या महिन्यात यांनी त्याला वकिलाची नोटीस द्यायची. ऐकावं ते नवलच.

झालं होतं असं. बाई फेब्रुवारीत लेकीकडे डब्लिनला आल्या आणि करोनानं विमानं बंद पडली, म्हणून लेकीच्या ओंगार उपनगरातल्या घरात अडकल्या. जुलैत निर्बंध जरा सैल झाले, तसे जावई निमिषराव म्हणाले, "चला आई, समुद्र दाखवतो." बाई मागच्या सीटवर, मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा. गाडी राउंडअबाउटच्या गोल चौकाला लागली आणि बाईंनी दोन सीटांमधून हात पुढे केला. "घ्या हो निमिषराव, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या." निमिषरावांनी मान वळवून आ वासला. गाडी गेली दिव्याच्या खांबावर, लाडू फुटला समोरच्या काचेवर आणि बाईंचं उजवं मनगट मोडलं.

गाडीच्या विम्यात एक कलम होतं. चूक कुणाची का असेना, आत बसलेल्याचं हाड मोडलं की ठरलेली रक्कम मिळायची. ती मिळाली, प्लास्टरही निघालं. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काही केल्या वळेना. आणि बाई भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या. इथं पेटी नव्हती, तरी रोज सकाळी जेवणाच्या टेबलावरच बोटं नाचवत गुणगुणायच्या. ते बंद झालं.

लेक शर्वाणी ब्युमॉन्ट हॉस्पिटलात डॉक्टर. ती म्हणाली, "आई, अजून एक ऑपरेशन आणि बरेच महिने फिजिओ, मग बोटं येतील. मिळालेले पैसे तेवढ्याला पुरत नाहीत. गाडी चालवणाऱ्यावर दावा लावायचा, त्याची विमा कंपनी भरते."

"गाडी चालवणारा म्हणजे?"

"म्हणजे तुझा जावई."

"एकदा पंगतीत जेवून उठले, आता परत पाटावर बसू? तेही जावयाच्या उरावर?"

शर्वाणीनं गाठलेल्या सॉलिसिटरनं, म्हणजे तिकडच्या वकिलानं, फोनवर नीट समजावलं. आधीचे पैसे कुणाची चूक न विचारता मिळालेत. आता मागायचं ते चुकीबद्दल. आधीचे घेतले म्हणून हा हक्क जात नाही, आणि घेतलेलं आपण लपवायचंही नाही. बाईंनी नकाराची मान हलवली आणि भाजी चिरायला गेल्या, डाव्या हातानं.

निमिषराव मात्र हात धुऊन मागे लागले. ग्रँड कॅनाल डॉकचं ऑफिस करोनामुळे घरात आलेलं, त्यामुळे माणूस दिवसभर मोकाटच. बाई चहा करताहेत, हा पेन आणि दाव्याचा कागद घेऊन मागे. "आई, करा ना हो माझ्यावर केस. इट'ल बी ग्रँड, सगळं झकास होईल." बाई बाथरूममध्ये, हा दाराबाहेर. आरोपीच फिर्यादीच्या पाया पडतोय, असा खटला कुठल्या गावी पाहिलाय का तुम्ही?

अधिकाच्या शेवटच्या दिवशी बाईंच्या देखरेखीखाली शर्वाणीनं अनारसे तळले. निम्मे तुपात हसले, म्हणजे विरघळून पसरले. उरलेले ताटात मांडून, दिवा लावून बाई जावयासमोर आल्या. जावयानं हात मागे बांधले.

"वाण घेणार नाही. आधी सही."

पूर्वीचे जावई घड्याळासाठी रुसायचे, स्कूटरसाठी रुसायचे. हा पठ्ठ्या आपल्यावर दावा लागावा म्हणून रुसला. जावई दहावा ग्रह म्हणतात ते काही उगीच नाही.

बाईंनी ताट खाली ठेवलं आणि त्यांना रडूच फुटलं. "निमिषराव, लाडू मी पुढे केला. चूक माझी. ती तुमच्या नावावर कशी लावू?"

निमिषरावांचा चेहरा उतरला. ते बाईंसमोर जमिनीवर बसले.

"आई, हात तुमचा होता, पण तोंड मी उघडलं. रस्त्यावर बघायचं काम माझं होतं. इतके दिवस मी थट्टा करतोय, कारण तुमचा हात मला बघवत नाही. टेबलावरची पेटी थांबली तेव्हापासून हे घर मला खायला उठतंय. माझी चूक मला द्या. वाण म्हणून द्या."

मग बाईंनी डाव्या हातानं, शाळेत पहिल्यांदा पाटी धरावी तशी, सही केली. कागद अनारशांवर ठेवला, जावयाला कुंकू लावलं.

"दिवा लांब ठेव गं, दावा जळेल," शर्वाणी डोळे पुसत म्हणाली. निमिषरावांनी एक अनारसा अख्खा तोंडात कोंबला.

विमा कंपनीनं निमिषरावांची चूक मान्य करून पैसे भरले. ऑपरेशन झालं, फिजिओ झाला, आणि पुढच्या वर्षी विमानं सुरू झाल्यावर बाई सांगलीला परतल्या. मंडळातल्या मृणालिनीताईंनी पहिल्याच गुरुवारी सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, जावयावर केस घातलीस म्हणे?"

बाईंनी पेटीचा भाता सोडला.

"घातली की. ऐन अधिकात मागितली त्यांनी. जावयाला नाही म्हणतात होय?"

आणि करंगळी अलगद आपल्या पट्टीवर जाऊन बसली.